पोटामागची खोली : न दिसणाऱ्या गाठी दिसू लागल्या त्याची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज ज्या जागेबद्दल बोलायचं आहे ती तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या शरीरात आहे. पण तिचं नाव आपण कधी घेत नाही. पोट म्हटलं की आपल्याला जठर आठवतं, आतडी आठवतात, फार तर गर्भाशय आणि पिशवीचे आजार आठवतात. या सगळ्याच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून, आणखी एक जागा असते.

जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओटी, मधे माजघर आणि सगळ्यात मागे कोठीची अंधारी खोली. आल्यागेल्याला ती दिसत नाही, पण घरातला मोलाचा ऐवज तिथेच असतो. पोटाचंही तसंच आहे. आतडी आणि जठर पुढच्या खोलीत. त्यांच्याभोवती एक पातळ, ओलसर पडदा असतो, त्याला उदरावरण म्हणतात. या पडद्याच्या मागे जी जागा उरते ती आपली कोठीची खोली. तिथे दोन्ही मूत्रपिंडं असतात. त्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी असतात. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग तिथेच, हृदयाकडून येणारी महारोहिणी तिथेच, हृदयाकडे परत जाणारी मोठी शीर तिथेच. लघवी खाली नेणाऱ्या नळ्या, मज्जातंतू, लसिका ग्रंथी आणि या सगळ्यांच्या मधे भरलेली मऊ चरबी.

या खोलीत गाठ झाली तर ती पटकन कळत नाही. छातीतली गाठ हाताला लागते, मानेवरची आरशात दिसते. इथे मात्र पुढे आतडी, मागे पाठीचे जाड स्नायू. जागा सैल असल्यामुळे गाठ आतड्यांना हळूहळू पुढे ढकलत वाढत राहते. चरबीपासून होणारी एक गाठ असते, लायपोसार्कोमा नावाची. ती सापडते तेव्हा अनेकदा वीतभर, कधी त्याहूनही मोठी झालेली असते. एवढे दिवस बाईला काय वाटत असतं? पोट जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, कंबर दुखते, परकराची नाडी घट्ट होते. घरातली म्हणतात, वायगोळा असेल. शेजारची म्हणते, वय झालं की पोट सुटतंच.

हे आजार फार क्वचित होतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण ही अंधारी खोली माणसाने कशी उघडली त्याची गोष्ट आपण ऐकायला हवी. कारण या गोष्टीत नावं डॉक्टरांची आणि शास्त्रज्ञांची असली, तरी ज्यांच्या शरीरावरून ही विद्या शिकली गेली त्यांत बायका पुष्कळ आहेत.

मेल्यानंतरच कळायचं

इटलीत पादुआ नावाचं गाव आहे. तिथे मोर्गान्यी नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. माणूस मेल्यावर त्याचं शरीर उघडून, आजार नेमका कुठे होता ते पाहायचं आणि जिवंतपणी त्याने सांगितलेल्या दुखण्याशी ते ताडून पाहायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. १७६१ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी या नोंदींचा मोठा ग्रंथ छापला. त्यात साठ वर्षांच्या एका बाईची नोंद आहे. तिच्या पोटामागे चरबीची गाठ सापडली होती. या जागेतल्या अशा गाठीचं ते सगळ्यात जुनं वर्णन मानलं जातं. त्या बाईचं दुखणं जिवंतपणी कोणालाही कळलं नव्हतं.

पुढे सव्वाशे वर्षं गेली तरी फारसा फरक पडला नाही. १८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात मिन्ना रोल नावाची अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात आली. तिला मधूनच झटके यायचे. छाती धडधडायची, डोकं ठणकायचं, चेहरा पांढराफटक पडायचा, जीव घाबराघुबरा व्हायचा. थोड्या वेळाने सगळं शांत. मुलगी दगावली. मग डॉक्टर फ्रेंकेल यांनी शरीर तपासून लिहून ठेवलं, की दोन्ही अधिवृक्क ग्रंथींमध्ये गाठी होत्या. या ग्रंथींतून एक रस रक्तात जातो. संकट आलं की हृदय धडधडवणारा, रक्तदाब चढवणारा तो रस. गाठ झाली की तो अवेळी आणि अफाट सुटतो. आज या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तब्बल १२१ वर्षांनी, २००७ साली, तिच्या नात्यातल्या हयात माणसांची तपासणी झाली, तेव्हा कळलं की हा दोष घराण्यातून पुढे येणारा होता.

मिन्नासारखे झटके एखाद्या सुनेला आले तर आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. कोणी म्हणतं अंगात आलंय, कोणी म्हणतं नाटक करते. छाती धडधडण्याची कारणं बहुतेक वेळा साधीच असतात. रक्त कमी असणं हे त्यातलं मोठं कारण. पण झटका आलेला असताना रक्तदाब मोजून घ्यायला काय हरकत आहे? आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरांना बोलवावं, आकडा लिहून ठेवावा. एवढ्यानेसुद्धा कधीकधी धागा हाती लागतो.

पोट उघडल्यावर कळायचं

१९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये रू नावाच्या शल्यविशारदांनी आणि १९२७ साली अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ काढली आणि रुग्ण जगले. दोन्ही रुग्ण बायका होत्या. मेयोंची रुग्ण मदर जोआकिम नावाची ख्रिस्ती जोगीण होती. तिला रक्तदाब चढण्याचे भयंकर झटके येत. डॉक्टरांकडे तेव्हा आत पाहायचं साधन नव्हतं. नेमकं काय आहे ते ठाऊक नसताना पोट उघडलं आणि गाठ सापडली. ती बरी झाली. पण विचार करा, न बघता पोट उघडायचं! चोर कोणत्या खोलीत आहे ते माहीत नसताना अंधारात काठी घेऊन शिरण्यासारखंच ते.

क्ष-किरण तर तोवर सापडून तीस वर्षं झाली होती. मग अडलं कुठे?

क्ष-किरण आले, पण अर्धंच दिसलं

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्त्सबुर्ग शहरात प्राध्यापक रोंटगेन यांना एक अदृश्य किरण सापडला. स्वभाव कळेना म्हणून त्यांनी त्याला गणितातल्या अज्ञात राशीचं अक्षर दिलं. आपल्याकडे अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतात, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. २२ डिसेंबरला त्यांनी आपली पत्नी आना बेर्था हिचा हात काचेवर ठेवायला सांगून फोटो घेतला. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दिसली. आपलंच मरण पाहिल्यासारखं तिला वाटलं, असं सांगतात. रोंटगेननी या शोधाचं पेटंट घेतलं नाही, म्हणून तो पटकन जगभर पसरला. १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

पण क्ष-किरणांना हाड आणि मांस यांतला फरक चांगला कळतो. मांस आणि मांस यांतला कळत नाही. मूत्रपिंड, गाठ, आतडी, सगळं एकाच राखाडी रंगात मिसळून जातं. डॉक्टर खुणांवरून ताडायचे. कंबरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना एक लांब स्नायू असतो, त्याची कड फोटोत पुसट दिसते. ती एका बाजूला नाहीशी झाली, तर तिथे काहीतरी आहे असा संशय घ्यायचा.

मग लोकांनी युक्त्या शोधल्या. १९०६ साली जर्मनीत मूत्रमार्गातून नळी घालून मूत्रपिंडापर्यंत चांदीयुक्त औषध चढवलं आणि फोटो काढला. त्यात त्रास फार होता. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने जर्मनीत काम करताना शिरेतून देता येणारं आयोडीनयुक्त औषध वापरून दाखवलं. औषध रक्तातून मूत्रपिंडात येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. वाटेत मूत्रपिंड आणि नळ्या फोटोत उजळतात. गाठ अजूनही दिसत नव्हती, पण मूत्रपिंड जागचं हललं आहे, नळी वाकडी झाली आहे, एवढं दिसायचं. घरातली कोठी सरकलेली दिसली की मागून कोणीतरी ढकलली हे कळतं, तसंच हे. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये लिस्बनला दोस सांतोस यांनी पाठीतून लांब सुई थेट महारोहिणीत घालून रक्तवाहिन्यांचे फोटो काढले.

याहून धाडसाची युक्ती म्हणजे हवा भरणं. १९२१ पासून मूत्रपिंडाभोवती हवा किंवा वायू सोडून फोटो काढत. पुढे १९४० नंतरच्या दशकात स्पेनचे रुइझ रिव्हास यांनी माकडहाडाजवळून सुई घालून वायू सोडायची रीत आणली. वायू चरबीतून वर पसरे आणि त्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर अधिवृक्क ग्रंथींची आकृती उठून दिसे. पण वायू शिरेत शिरला तर माणूस टेबलावरच दगावे, आणि असे मृत्यू झालेही. १९५० नंतर लंडनचे किन्मंथ यांनी पायाच्या बोटांमध्ये निळा रंग टोचून, पावलावरची केसासारखी बारीक लसवाहिनी शोधून, तिच्यातून औषध सोडायला सुरुवात केली. ते वर चढत पोटामागच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचे. तासन्‌तास चालणारं काम. आज आपण तपासणीच्या टेबलावर पाच-दहा मिनिटं पडून उठतो, त्यामागे या सगळ्यांनी सोसलेलं आहे.

आवाजाने पाहणं

आता सोनोग्राफीकडे येऊ. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. तिथून जवळ बॉयलर बनवणारा कारखाना होता. लोखंडात चीर आहे का हे पाहायला कारखान्यात आवाजाच्या लहरींचं यंत्र वापरत. कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजायचा. १९५५ साली डोनाल्ड यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घातल्या आणि थेट कारखान्यात नेल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचा प्रतिध्वनी वेगळा येतो, हे तिथे दिसलं.

मग एक रुग्ण आली. तिचं पोट खूप फुगलेलं होतं. जठराचा कॅन्सर आहे, पोटात पाणी झालं आहे, आता उपाय नाही, असं निदान झालेलं होतं. डोनाल्ड यांनी यंत्र लावलं. पोटात सुटं पाणी नव्हतं. ती तर बीजकोशाची भली मोठी, पाण्याने भरलेली गाठ होती. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, बाई बरी होऊन घरी गेली. जून १९५८ मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राउन यांनी हे काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं आणि सोनोग्राफीकडे जगाचं लक्ष गेलं.

हे मुद्दाम सांगते आहे. बाईच्या पोटातली गाठ ओळखून तिचा जीव वाचवणं, हे या यंत्राच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. आपल्याकडे त्याच यंत्राने पोटातल्या मुली शोधल्या गेल्या. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीवर कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. सोनोग्राफी केंद्रात लावलेला फलक त्या कायद्याचाच आहे. पण या सगळ्यामुळे खेड्यात एक समज बसला, की सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी. साठीच्या आजीला सोनोग्राफी सांगितली की घरातले हसतात. हसू नका. आजीच्या पोटातली गाठ पहिल्यांदा तिथेच दिसण्याची शक्यता असते.

मात्र सोनोग्राफीलाही मर्यादा आहे. आवाज वायूतून पलीकडे जात नाही. आतड्यांत हवा असते आणि आपली कोठीची खोली नेमकी आतड्यांच्या मागे. त्यामुळे अहवालात कधी लिहिलेलं असतं, की वायूमुळे मागचा भाग नीट दिसला नाही. अशा वाक्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा, ‘मग आता पुढे काय करायचं?’

अखेर दार उघडलं

इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घरात वाढलेले गॉडफ्रे हाउन्सफिल्ड इएमआय या कंपनीत इंजिनिअर होते. एकाच बाजूने फोटो काढण्याऐवजी सगळ्या बाजूंनी क्ष-किरण सोडले आणि संगणकाने हिशेब केला, तर आतली चकती जशीच्या तशी दिसेल, हा त्यांचा विचार. काकडी उभी पाहण्याऐवजी तिची चकती कापून पाहावी, तसं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या रुग्णालयात पहिला सीटी स्कॅन झाला. तीही बाईच होती. तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. चित्रात दिसली तशीच गाठ ऑपरेशनमध्ये सापडली. पुढच्या तीन-चार वर्षांत सगळ्या शरीराचा स्कॅन करणारी यंत्रं आली आणि पोटामागची खोली पहिल्यांदा न उघडता दिसली. ज्या चरबीमुळे ही जागा आजवर गूढ होती, तीच आता उपयोगी पडली. काळसर चरबीत मूत्रपिंड, शिरा, ग्रंथी वेगवेगळ्या उठून दिसू लागल्या. १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि गणिती बाजू मांडणारे कॉरमॅक यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं.

हाउन्सफिल्ड यांनी मोजपट्टीही दिली. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी साधारण उणे शंभर. त्यामुळे गाठीत चरबी आहे, पाणी आहे की भरीव मांस आहे, हे आकड्यावरून कळतं.

मग १९८० मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन शहरात चुंबकाच्या यंत्राने, म्हणजे एमआरआयने, रुग्णाच्या पूर्ण शरीराची उपयोगी चित्रं मिळाली. त्यात क्ष-किरण नसतात. गाठ मज्जातंतूला किंवा मणक्याला चिकटली आहे का, हे त्यात चांगलं दिसतं. साधारण त्याच काळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एक किरणोत्सारी औषध तयार झालं, जे मिन्ना रोलला झाली तशा गाठीत जाऊन बसतं आणि कॅमेऱ्यात उजळतं.

आज डॉक्टर काय पाहतात

चित्र समोर आलं की रेडिऑलॉजिस्ट क्रमाने प्रश्न विचारतात. गाठ खरंच पडद्यामागे आहे का? मूत्रपिंड किंवा मोठ्या शिरा पुढे ढकलल्या असतील, तर गाठ मागचीच. मग, ती एखाद्या अवयवातून निघाली आहे की स्वतंत्र आहे? अवयवाची कड गाठीजवळ चोचीसारखी टोकदार झाली असेल, तर गाठ त्या अवयवातून निघालेली असू शकते. कड नुसती गोलाईने दबली असेल, तर गाठ बाहेरून टेकलेली. मग आत काय आहे, आणि मोठ्या शिरांना विळखा आहे का, तेही पाहतात.

मागे गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. आपल्याकडे क्षयरोगानेही पोटामागच्या लसिका ग्रंथी सुजतात, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. लिम्फोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरवर मुख्य उपचार औषधांचा असतो, ऑपरेशनचा नाही. लायपोसार्कोमाचं उलट आहे, तिथे ऑपरेशनच मुख्य. लहान मुलांच्या पोटात मूत्रपिंडाची गाठ होते, आंघोळ घालताना आईच्याच हाताला ती लागते. तरुण मुलाच्या पोटामागे गाठी दिसल्या, तर अंडकोषाची तपासणी करावी लागते. मुलगा लाजतो, तर आईने किंवा बापाने स्पष्ट बोलावं. उपचार इतके वेगळे असल्यामुळे नक्की निदान झाल्याशिवाय घाईने पोट उघडायचं नसतं.

नक्की निदानासाठी पुष्कळदा सुईने तुकडा काढावा लागतो. सीटीत पाहत पाहत, बहुधा पाठीकडून, जाडसर सुई घालतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती गावोगाव आहे. नीट, अनुभवी हातांनी केलेल्या तपासणीत हा धोका फार थोडा असतो. निदान न होता चुकीचं ऑपरेशन होणं हा त्याहून मोठा धोका. फक्त अधिवृक्क ग्रंथीच्या त्या झटक्याच्या गाठीचा संशय असेल, तर सुईआधी रक्ताची किंवा लघवीची विशेष तपासणी झालीच पाहिजे. कारण तिथे सुई लागली तर रक्तदाब एकदम चढू शकतो.

मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. अशा क्वचित होणाऱ्या गाठीचं पहिलं ऑपरेशन जिथे या कामाची सवय आहे तिथेच व्हावं, कारण पहिल्याच वेळी गाठ पूर्ण निघणं फार महत्त्वाचं असतं. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा.

आणि एवढं गाठीशी बांधा. कारण नसताना पोट वाढत असेल आणि हातपाय वाळत असतील, लवकर पोट भरत असेल, एका बाजूची पाठ किंवा मांडी महिनोन्‌महिने दुखत असेल, एकच पाय सुजत असेल, तर तीन-चार आठवड्यांपलीकडे वाट पाहू नका. सीटीच्या आधी गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, औषधाची अ‍ॅलर्जी सांगा. एमआरआयच्या आधी मंगळसूत्र, जोडवी काढा आणि अंगात कुठे धातूची पट्टी बसवली असेल तर तेही सांगा. फिल्म आणि अहवाल एका पिशवीत, तारखेनुसार ठेवा. जुनं चित्र शेजारी ठेवलं की गाठ वाढते आहे की नाही ते कळतं.

पादुआची ती बाई काय सोसत होती ते तिच्या मरणानंतर कळलं. तुमच्या बचत गटात एखादी काही महिने ‘पोट जड वाटतंय’ म्हणत असेल, तर पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर तिच्या तपासणीची तारीखही वहीत लिहा, आणि त्या दिवशी तिच्यासोबत कोण जाणार तेही ठरवा.